गिरणी बंद, गहू घरात

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आमच्या पुण्यातील घरात १० किलो गहू होते. मात्र दळलेले पीठ जेमतेम २ दिवसांचे उरले होते आणि ऐन गुढीपाडव्यापासून कोपऱ्यावरची गिरणी बंद झाली.

प्रथम मी मिक्सरचे भांडे गव्हाने भरून सलग फिरवले. भांडे तापले, पीठ भरड निघाले आणि पोळीच्या कडा फाटू लागल्या. त्यानंतर एका वेळी एकच वाटी गहू घेऊन, मध्ये मध्ये थांबत दळले आणि मैद्याच्या चाळणीने चाळले. हे पीठ कोमट पाण्यात भिजवून तासभर झाकून ठेवल्यावर जाडसर का होईना, अखंड पोळ्या होऊ लागल्या. चाळणीत उरलेल्या रव्याचा उपमा तर विकतच्या रव्याहून खमंग झाला.

तरीही रोजचे दळण मिक्सरला झेपणारे नव्हते. म्हणून एक वेळच्या जेवणासाठी गहू आणि मूठभर उडीद डाळ रात्रभर भिजवून, सकाळी जिरे-मिरचीसह वाटून मी धिरडी घालू लागले. भिजलेला गहू पटकन वाटला जातो. पहिले धिरडे मात्र तव्याला हमखास चिकटायचे, ते मीच खात असे.