छोट्या बोटीचं पेट्रोल कसं वाचवायचं

तळ घासून साफ करा, प्लग-फिल्टर बघा, बोटीत साचलेलं पाणी उपसा, उगाच पडून असलेलं सामान उतरवा. यावर जास्त बोलायला नको.

मग पंखा (प्रोपेलर). नेहमीची माणसं-सामान घेऊन फुल थ्रॉटल द्या, इंजिनाच्या पुस्तकात दिलेली रेंज (समजा 5000 ते 6000 आरपीएम) गाठली पाहिजे. कमी पडले तर कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकायला हवा ते माप) पंखा लावा, जास्त गेले तर जास्त पिचचा. 1 इंचाने साधारण 200 आरपीएमचा फरक पडतो.

आता खरी मेख वेगाची, मलाही ती समजायला बराच वेळ लागला. "हळू चालवा, पेट्रोल वाचेल" असं जो तो सांगतो, पण किती हळू ते कोणी सांगत नाही! पाण्याला टेकलेली बोटीची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा, हा आला नॉटमधला (तासाला किती सागरी मैल) वेग जिथे बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. 16 फुटी बोटीला तो 5.4 नॉट. याच्या खाली, 4-4.5 नॉटला, बोट अगदी कमी पेट्रोलवर चालते. याच्या जरा वर गेलात की नाक वर, मागचा भाग पाण्यात खोल, समोरचं दिसत नाही, मागे ही मोठी लाट, म्हणजे चढावर गाडी रेटल्यासारखं इंजिन राबतंय आणि वेग काही वाढत नाही. लोक नेमके इथेच "मध्यम स्पीड" म्हणून तासभर चालवतात. तिथे अजिबात रेंगाळू नका, एकतर खाली या नाहीतर सरळ थ्रॉटल देऊन बोट पाण्यावर उचलू द्या, आणि उचलली की थ्रॉटल मागे घ्या, नाक पुन्हा वर जायला लागेल त्याच्या थोडं अलीकडे थांबा. सपाट तळाची हलकी बोट उचलते, जड गोल तळाची उचलतच नाही, तिला उगाच मोठं इंजिन लावू नका.

मोजायचं कसं? तासाला किती लिटर हा आकडा एकटा कामाचा नाही, लिटरला किती अंतर ते बघा. सुटी टाकी खुणेपर्यंत भरा, जीपीएसवर ठरलेलं अंतर एकाच आरपीएमला जा आणि तसंच परत या (प्रवाहाचा हिशोब बराचसा तिथेच फिटतो), मग मापाने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. तीन-चार वेगवेगळ्या आरपीएमला हे करा. कंटाळवाणं आहे, पण पेट्रोलमध्ये ओतायच्या "मायलेज वाढवणाऱ्या" बाटल्यांपेक्षा शंभर पट उपयोगी.

ट्रिम (मागे लावलेल्या इंजिनाचा कोन): बोट उचलताना इंजिन आत, म्हणजे बोटीकडे, मग हळूहळू बाहेर, थ्रॉटल न हलवता वेग वाढत जाईल, नाक आपटायला लागलं की थोडं परत आत. मागे सगळे बसले असतील तर दोघांना पुढे पाठवा, फरक लगेच दिसतो.

आणि आकडे कितीही चांगले आले तरी टाकीचा एक तृतीयांश जायला, एक यायला, उरलेला राखीव.