ब्युरोची मावशी ठेवताना बदलीचं आधी विचारा

घरच्या पेशंटसाठी ब्युरोतून, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या संस्थेतून, मावशी किंवा मामा ठेवायचा असला की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातले लोक मला फोन लावतात. सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाले ना! पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, दिवसाचे किती घेतात?" दर मागाहून ठरवता येतो. छोट्या ब्युरोत फोन उचलणारा, बाई पाठवणारा आणि पैसे घेणारा बहुधा एकच माणूस असतो. त्याला आधी हे विचारा: नेहमीची मावशी आली नाही तर कोण येणार, आणि तिला आमच्या पेशंटचं कोण समजावून सांगणार?

इथल्या बऱ्याच मावश्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या. पावसात भाताची आवणी (लावणी) लागली, आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, भाचीचं लग्न निघालं की त्या गावी जाणारच, आणि जावंच त्यांनी. नीट काम करणारा ब्युरोचा मालक म्हणतो, "आवणीला ही जाईल, पण दुसरीला आधी एक दिवस हिच्यासोबत बसवतो." नुसतं "काळजीच करू नका" म्हणणाऱ्याची मला काळजी वाटते. पंचवटीत राहत असाल तर 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीला रस्ते बंद झाल्यावर रात्रपाळीची बाई कशी पोचणार, तेही विचारून ठेवा.

कागदांचं काम पटकन उरकतं: शॉप ॲक्ट, बाईचं आधार, पोलीस व्हेरिफिकेशन. अडून बसायचं ते एकाच कागदावर. 'नर्स' म्हणून पाठवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मागा; एएनएम असो की जीएनएम (नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम), ते लागतंच. नसेल तर ती अटेंडंट. अंघोळ, भरवणं, डायपर, चालवणं ती छान करेल, पण इंजेक्शन देणं, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी) घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं तिच्या गळ्यात घालू नका. आणि पांढऱ्या कोटाला नर्सचा दर देऊ नका.

बाई आली की तोंडी परीक्षा नको, उत्तरं पाठ असतात. गप्प बसून बघा. पेशंटला हात लावण्याआधी हात धुते का? युरोबॅग (लघवीची पिशवी) पलंगावर ठेवते की मूत्राशयाच्या खाली लटकवते? वर ठेवली की लघवी मागे फिरते आणि इन्फेक्शन होऊ शकतं. ट्यूबने भरवताना डोक्याकडची बाजू निदान 30 अंश उंच हवी, आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच.

झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. एअर बेड घेतला म्हणून ते सुटत नाही. रात्री बदलली का, हे सकाळी अंग सांगतं: माकडहाड, खुबे, टाचा बघा. लाल डागावर बोट दाबून सोडा. दाबूनही तो फिकट झाला नाही तर बेडसोरची (झोपून राहून पडणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे जागा गरम किंवा टणक लागते का, ते चाचपा. तरी एक सांगते, चोवीस तासांची एकच मावशी ठेवून रात्रभर कूस बदलायची अपेक्षा धरली तर दोष ब्युरोचा नाही. ती झोपणार कधी? अशा पेशंटला बारा-बारा तासांच्या दोघी लागतात.

मग वही. कूस, खाणं-पाणी, लघवी, औषधं, बीपी, शुगर, सगळं वेळेसकट. एका बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते: एकच पेन, एकच अक्षर आणि रोज बीपी 120/80! उलट "पहाटे शुगर 64, साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ताईंना उठवलं" अशी ओळ दिसली तर त्या बाईला कुणीतरी नीट शिकवलंय. मालक किंवा त्याच्याकडची नर्स अधूनमधून घरी येऊन ही वही वाचते का, ते बघा. बदली बाईला पेशंट कळतो तो याच वहीतून. आल्या आल्या तिने वही मागितली, तर तो ब्युरो ठेवा.

पैशांचं मावशीलाच विचारा, चहा घेताना, मालक नसताना. तुम्ही देता त्यातले तिच्या हातात किती पडतात, कोणत्या तारखेला? पगार रखडत असेल तर ती टिकणार नाही आणि तुमच्याकडे सारख्या नव्या बायका येत राहतील. मालकाने तिचे मूळ कागद अडकवून ठेवले असतील तर सरळ दुसरा ब्युरो शोधा, आणि जमलं तर तिलाही सोबत घ्या.