घरात शुगर आहे? आधी हात धुवा, मग वही काढा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आई दुपारी रसासाठी हापूस पिळत बसलेली, मध्येच तिला गरगरल्यासारखं झालं म्हणून बायकोने तिथल्या तिथे बोट टोचून ग्लुकोमीटर लावला तर आकडा ३८७. झालं, घरात नुसती पळापळ, रिक्षावाल्याला फोन, दापोलीला न्यायचं म्हणून पिशवी भरायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या आशाताई आल्या आणि म्हणाल्या, "हात धुतलेत काय त्यांचे?" साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं तर १६४. बोटाला रस लागलेला, मशीनने आंब्याची साखर मोजली, आईची नाही. गरगरलं होतं ते उन्हाने. रिक्षावाल्याला चहा पाजून परत पाठवला.

तर हे लिहितोय ते अशाच गोष्टींसाठी. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली घ्यायची किती घ्यायची ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण आईची शुगर बारा वर्षं घरात सांभाळतोय आणि त्याची एक वही आहे. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर खर्च. ही वही आधी सुरू करा, साधी शंभरपानी चालते. आमची वही चाळली की एक गोष्ट दिसते, गोळ्यांचे पैसे कधी अंगावर आले नाहीत, अंगावर आलं ते दुखणं अंगावर काढल्यामुळे.

आधी स्वतःचं पोट मोजा. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली घालतो. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून बेंबीच्या लेव्हलला मोजा. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटीमीटर आणि बाईला ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की धोका धरतात. वजनाचं म्हणाल तर बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ, गोऱ्या लोकांचे २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू नाहीत. आणि मी तर काटकुळा आहे मला कसली शुगर असं म्हणणाऱ्यांसाठी, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचा आणि आपल्या इंग्रज मित्राचा फोटो लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापला होता, दोघांचा बीएमआय सेम २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. हातपाय काड्या आणि पोट पुढे, हा आपला नमुना. भारतात १० कोटींवर लोकांना डायबेटीस आहे असं २०२३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या अभ्यासात आलं आणि राज्यांमध्ये पहिला नंबर कुणाचा तर आपल्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. तेच मासे, तोच भात, तोच नारळ, म्हणजे आपण कोकणातल्यांनी हसायचं कारण नाही.

टेस्ट कुठली करायची. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि वर म्हणजे डायबेटीस. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी सांगते, ५.७ च्या आत ठीक, ६.५ आणि वर डायबेटीस. एका रिपोर्टवर रडायला बसू नका, डॉक्टर परत करून बघतात. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, गावच्या आशा सेविका फॉर्म भरून घेतात, त्यांना "नंतर या" सांगून पाठवू नका. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे हे अजून पुष्कळांना माहीतच नाही. गोळ्या कधी संपलेल्या असतात हे खरं, तरी बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या बहुतेक वेळा मिळतात, गुरुवारी नाही तर सोमवारी मिळतात.

आता गोळ्या. मेटफॉर्मिनची साधी गोळी दोन रुपयांच्या आतबाहेर पडते, एवढी स्वस्त की लोकांना वाटतं ती बिनकामाची असेल, पण जगभर सुरुवात बहुतेक तिच्यापासूनच होते. खर्च वाढतो तो दुसऱ्या तिसऱ्या गोळीपासून. डॉक्टरांना सरळ विचारा, "डॉक्टर, ह्याचं जेनेरिक चालेल का?" म्हणजे तेच औषध, मोठ्या ब्रँडशिवाय. लाजायचं काय त्यात. सिटाग्लिप्टिन ह्या शुगरच्या गोळीचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी सरकारच्या जनऔषधी दुकानांत ५० एमजीच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, त्याआधी ब्रँडच्या दहा गोळ्यांना दीडशेच्या वरच जायचे. विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्यांचीही पेटंटं एकेक करून संपली. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरचा ब्रँड तुम्ही अजून तोच घेत असाल तर एकदा चिठ्ठी नवी करून घ्या. मात्र दुकानदाराने बदलून दिलेली पट्टी घरी आणून जुन्या पट्टीशी ताडून बघा, नाव आणि एमजी दोन्ही. आमच्या आईने एकदा दोन वेगळ्या नावांची एकच गोळी आठवडाभर दोन्ही घेतली, नशीब ती मेटफॉर्मिन होती, पोट बिघडण्यावर निभावलं.

ग्लिमेपिराइडसारखी शुगर जोरात उतरवणारी गोळी असेल तर उपासाच्या दिवशी काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी आणि सकाळी गोळी पोटात, मग दुपारी घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

इन्सुलिनवाल्यांनी हे नीट वाचा. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटवाल्याला केशरी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पट इकडे नाही तर तिकडे जातो, म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सेम आहे ना ते दरवेळी बघायचं. दुसरं लाइटचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हा दापोली, मंडणगडच्या गावागावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. तेव्हा आईच्या बाटल्या आम्ही मडक्यात ठेवल्या. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात घट्ट बांधलेल्या पिशवीत बाटली, वरून ओलं फडकं, आणि सगळं माजघरात जिथे वारा खेळतो तिथे. फ्रीजइतकं गार होत नाही पण उन्हाळ्याच्या घामट हवेपेक्षा पुष्कळ बरं. चालू बाटली तशीही फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे टिकते, जपायच्या त्या न उघडलेल्या. फ्रीजर मध्ये मात्र कधीच नाही, गोठलं की फेकायचं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी पण पावसाळ्यात उघडी टाकू नका, एका पट्टीला वीस रुपये देतो आपण आणि दमट हवेने डबीच्या डबी वाया जाते.

ज्या टेस्ट लोक टाळतात त्या तीन. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, ज्याला एसीआर म्हणतात, काही शे रुपयांची टेस्ट. किडनी बिघडायला लागली की हे आधी वाढतं, रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, डोळ्यात थेंब घालून बघतात, नंतर काही तास नीट दिसत नाही म्हणून बाइक स्वतः चालवत जाऊ नका, घाटात तर नाहीच. आणि दिसतंय की चांगलं मग कशाला, असं म्हणू नका, पडद्याला त्रास सुरू झाल्याचं बराच काळ कळतच नाही. तिसरी पायाची, ती तर घरीच फुकट.

पायाचं जरा सविस्तर सांगतो. आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आयुष्यभर ओहोटीला खाडीत कालवं काढायला गेले, अनवाणी. शुगर असून पाच वर्षं झालेली, गोळी मनात आलं तर. एकदा कालवाच्या शिंपीने अंगठ्याखाली कापलं आणि त्यांना कळलंच नाही, घरी आल्यावर ओटीवर लाल पावलं उमटली ती काकूने बघितली. "जरा खरचटलंय, काय होतंय त्याला" म्हणत हळद दाबली. दुखत नव्हतं ना. दुखत नव्हतं हाच तर रोग, शुगरने पायाची जाणीवच गेलेली. बारा दिवसांनी अंगठा काळा, वास. मग घाईघाईत जवळचं म्हणून एका खासगी हॉस्पिटलमध्ये, अंगठा आणि शेजारचं बोट गेलं, अठरा दिवस, वहीत आकडा आहे १ लाख ६२ हजार, त्यात दोन कलमांची बाग एका हंगामासाठी लिहून दिली ते धरलेलं नाही. आणि ते हॉस्पिटल मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत नव्हतं हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळलं, आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

म्हणून रोज रात्री झोपायच्या आधी पाय धुऊन, बोटांच्या मधला भाग कोरडा करून, तळवा बघायचा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, मोबाईलचा टॉर्च मारा. भेगा, फोड, काटा, रंग बदललेला. भेगांना खोबरेल लावा पण बोटांच्या मधे नको. गरम पाण्यात पाय घालायच्या आधी पाणी हाताच्या कोपराने बघा. लावणीला, खाडीत, देवळाच्या तापलेल्या कातळावर अनवाणी नाही. पायातून चप्पल निसटून मागे राहिली आणि कळलं नाही असं झालं तर तो डॉक्टरकडे जायचा दिवस.

आणि योजनेचं आधी ठरवून ठेवा, आजारी पडल्यावर नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत यादीतले उपचार मोफत, डायलिसिस त्यात आहे, पण हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, आमच्याकडे एकावर सुमन आणि एकावर सुमती होतं. हॉस्पिटलमध्ये शिरल्यावर पहिला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला माणूस, शोधायचा, योजनेचा नंबर १५५३८८. रोजच्या गोळ्या ह्यात येत नाहीत. आणि डायलिसिस फुकट झालं तरी आठवड्यातून दोनतीनदा गावातून जायचं यायचं गाडीभाडं फुकट नसतं, आमच्या वाडीतल्या एकाने त्यापायी म्हशी विकल्या. खासगी विमा काढत असाल तर शुगर लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. २०२४ पासून जुन्या आजाराला थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणजे चाळिशीत काढलेला बरा.

खाण्याचं थोडक्यात, कारण ह्यावर सगळेच ज्ञान देतात. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडा बरा पण डोंगर करून खाल्ला तर तोही साखरच. सकाळची मऊ पेज शुगर झटकन चढवते. नाचणीची भाकरी चांगली, पण "नाचणी आहे" म्हणून चार नाही. आमच्याकडे ताटात आधी भाजी आणि बांगडा, मग भात एक वाटी, असं केलं आणि आईचा जेवणानंतरचा आकडा खरोखर उतरला. सुकं म्हावरं मिठात बुडालेलं, बीपी असेल तर जपून. बाजारच्या कोकम सिरपमध्ये साखरच जास्त, सोलकढी प्या. शहाळं कोल्ड्रिंकपेक्षा चांगलं, पण किडनी बिघडलेल्याने विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम असतं. हापूस? अर्धा आंबा, दुपारी, जेवणावर नाही, कापून. आमरसपुरी नाही. गूळ म्हणजे साखरच, मोदकातला पण. आणि व्हॉट्सॲपवरचं पाणी, बी, पाला घ्यायचं तर घ्या पण गोळी बंद करून नाही.

शेवटी माझं. पोट ९८, वजन ८४, एचबीए१सी ६.१. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो हे शुगर आणि वजन उतरवायचं औषध भारतात आलं तेव्हा मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला घेऊन टाक, आठवड्याला एक इंजेक्शन, सुरुवातीच्या डोसला साडेतीन हजार, महिन्याला चौदा. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना ते उपयोगाचं आहेच. मी उंबरठ्यावरचा, आणि अशांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या प्रयोगात, २००२ चा, सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं ह्या उद्दिष्टाने डायबेटीस व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलेलं. सात टक्के म्हणजे मला सहा किलो. पावसात चालणार कुठे, तर पडवीत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकवीस पावलं, रात्री जेवल्यावर वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात कुत्रं पण बरोबर यायचं, आता ते एका जागी बसून बघतं. चार किलो उतरलेत.

अण्णा परत कालवं काढायला जातात. गमबूट घालून, आणि आल्यावर बूट उलटा करून झाडतात, आत शिंपी गेलेली कळणार नाही म्हणून.