खोल समुद्रातली फिशिंग बोट विकताय? या चुका टाळा

जाहिरातीत आधी रडार, मग स्क्रीन, आउटरिगर, फायटिंग चेअर, लाइव्हवेल... आणि इंजिनाचे तास सगळ्यात शेवटी, तेही ‘कमी चाललंय’ एवढंच. पहिली चूक हीच. घेणारा पैसे मोजतो ते इंजिन आणि हलचे, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्याचे. आठ वर्षांपूर्वीचा फिशफाइंडर तुम्हाला कितीला पडला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, त्यामुळे पावत्यांची बेरीज करून किंमत ठरवू नका.

उलट सामान जितकं जास्त, तितकी बोटीला भोकं जास्त. प्रत्येक रॉड होल्डर, फिशफाइंडरचा प्रत्येक ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाजाच्या लहरी सोडणारा सेन्सर) स्क्रूने बसवलेला असतो. सीलंट म्हातारं झालं की पाणी आतल्या बाल्सा लाकडात किंवा प्लायवूडमध्ये शिरतं. घेणाऱ्यासाठी बोट तपासणारा सर्व्हेअर छोट्या हातोडीने ठोकत जातो. टणक जागी खणखणीत वाजतं, कुजलेल्या जागी बद्द. ही ठोकाठोकी आधी तुम्हीच करा. बद्द आवाज आला तर दुरुस्त करा किंवा सरळ सांगा. त्यावर रंग मारू नका. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या जागेत, ताजा रंग दिसला की ‘काय झाकलंय?’ हाच प्रश्न पडतो. बिल्ज नुसती धुऊन कोरडी ठेवली तरी पुरे.

घेणारा यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणं ही तर हमखास चूक. जाणता माणूस आल्या आल्या इंजिनावर हात ठेवतो. गार डिझेल इंजिन कसं पेटतं, धूर किती वेळ राहतो, हे त्याला बघायचं असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, एवढं त्यालाही कळतं.

सी ट्रायलला, म्हणजे समुद्रातल्या चाचणी फेरीला, बोट पूर्ण थ्रॉटलवर ठरलेल्या आरपीएमपर्यंत गेली नाही, की सौदा तिथेच अडकतो. कित्येकदा इंजिन ठणठणीत असतं. दोष असतो प्रोपेलरच्या पंख्यावर आणि तळाला चिकटलेल्या शिंपल्यांचा. ट्रायलआधी बोट वर काढून तळ घासून घ्या. अ‍ॅनोडही, म्हणजे गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, तेव्हाच बघा.

ट्रायल मात्र बयाणा घेतल्यावरच. नाहीतर फुकट फेरी मारून येणारे हौशी कमी नाहीत.

कागदपत्रांत लोक एक गोष्ट हटकून विसरतात: ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात बचाव यंत्रणेला संदेश पाठवणारं यंत्र) तुमच्या नावावर नोंदलेला असतो. नाव बदललं नाही आणि नव्या मालकाने तो चुकून चालू केला, तर बचाव यंत्रणेचा फोन तुम्हाला येईल. व्हीएचएफ रेडिओमधला नऊ आकडी एमएमएसआय (बोटीचा रेडिओवरचा ओळख) क्रमांकही तसाच. बऱ्याच सेटवर तो ठरावीक वेळाच टाकता येतो, पुढे कंपनीकडूनच काढून घ्यावा लागतो. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

रॉड-रील सौद्यात आहेत की नाहीत, हे फोटो काढायच्या आधी ठरवा. फोटोत दिसलं ते आपलंच, असं घेणारा धरून चालतो.

आणि चार्टप्लॉटरमधल्या (समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या यंत्रातल्या) मासे लागायच्या जागा? त्या मी मेमरी कार्डावर उतरवून घेतो आणि यंत्रातून पुसतो. भाव फारच अडला, तर ते कार्ड खिशातून बाहेर येतं.