प्रोजेक्ट केलेलं स्केच सुटतं कुठे? असेंब्लीत या चुका टाळा

"साहेब, कव्हरमधून बोल्टच जात नाहीये." मशिन शॉपमधून फोन आला तेव्हा माझा विश्वास बसेना. असेंब्ली (सगळे पार्ट एकत्र बसवलेलं संगणकावरचं मॉडेल) उघडून पाहिली तर हाउसिंगची (कव्हर ज्यावर बसतं त्या भागाची) आणि कव्हरची भोकं एकावर एक चोख बसलेली. मग कव्हरचं ड्रॉइंग काढलं आणि कपाळावर हात मारला. भोकं ६.८ मिमीची होती. हाउसिंगला एम८चे टॅप (आटे), टॅपच्या आधीचं ड्रिल ६.८, आणि मी कव्हरचं स्केच करताना सरळ त्या भोकांच्या कडाच उचलल्या होत्या. पाहिजे होती ९ मिमीची भोकं. दोन पार्टमधली लिंक उत्तम चालत होती, फक्त मी ती नको त्या गोष्टीशी जोडली होती.

मी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. एका पार्टची कड दुसऱ्या पार्टच्या स्केचमध्ये आणायला, म्हणजे प्रोजेक्ट करायला, तिथे 'कन्व्हर्ट एंटिटीज' वापरतात. असेंब्लीत राहून पार्ट एडिट करताना हे केलं की रेषेला 'ऑन एज' हा संबंध लागतो आणि फीचर ट्रीमध्ये (पार्ट ज्या पायऱ्यांनी, म्हणजे फीचर्सनी, बनला त्यांच्या यादीत) नावापुढे बाण दिसू लागतो. 'आता आपोआप बदलेल' म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो.

कड उचलू नका, तिच्या मुळाशी जा

भोकाचा फक्त मध्यबिंदू घ्या आणि व्यास कव्हरमध्ये स्वतः द्या. त्याहून चांगलं म्हणजे हाउसिंगमधलं ज्या स्केचवर ती भोकं ठेवली आहेत ते स्केच दिसतं करून त्यातले बिंदू घ्या. कड ही फीचरच्या शेवटी तयार होणारी गोष्ट आहे. भोकाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असेल तर तुम्ही उचललेलं वर्तुळ चॅम्फरचं बाहेरचं वर्तुळ असू शकतं. उद्या कुणी चॅम्फर काढला की ती कडच नाहीशी होते आणि तुमचं स्केच तपकिरी पडतं. तपकिरी म्हणजे 'डँगलिंग': ज्याला धरून होतं तेच आता नाही. फिलेटच्या (गोलाई दिलेल्या) कडांचंही तसंच. शक्यतो फिलेट, चॅम्फर मारायच्या आधीची भूमिती धरा.

डँगलिंग झालंच तर घाबरून सगळं डिलीट करू नका. 'डिस्प्ले/डिलीट रिलेशन्स'मध्ये जाऊन तो संबंध निवडा आणि जुन्या कडेच्या जागी नवी द्या. पुढची फीचर्स त्या स्केचवर उभी असतात. रेषा पुसून पुन्हा काढली की तीही एकामागून एक लाल होतात.

आणखी एक गैरसमज इथेच निपटून टाकू. पीसीडी (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) वाढवला तर लिंक केलेली सहा भोकं सरकतील, पण सहाची आठ केली तर कव्हरमध्ये दोन भोकं आपोआप उगवणार नाहीत. संख्या वेगळी जोडावी लागते. कव्हरमध्ये एकच भोक लिंक करून सर्क्युलर पॅटर्न (त्याच भोकाच्या वर्तुळात मांडलेल्या प्रती) करा आणि असेंब्लीच्या इक्वेशनमध्ये दोन्ही पॅटर्नची संख्या एकमेकांशी बांधा.

बाणापुढचं चिन्ह वाचत नाही तो फसतो

नुसता बाण म्हणजे सगळं ठीक. बाणापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे ज्या असेंब्लीत हा संबंध जन्मला ती आत्ता उघडी नाही. फुलीचं चिन्ह म्हणजे लिंक तोडलेली, तारांकन म्हणजे कुलूप लावलेली.

सर्वांत महाग पडतं ते प्रश्नचिन्ह. समजा, तुम्ही फक्त हाउसिंग उघडून पीसीडी १२० वरून १२५ केला आणि सेव्ह केला. मग फक्त कव्हरचं ड्रॉइंग उघडून पीडीएफ काढली. तिच्यात १२०च असणार, कारण मधली असेंब्ली उघडलीच नाही तर बदल पोचवणार कोण? एररही येत नाही, ड्रॉइंग दिसायला स्वच्छ असतं. आमच्याकडे आता साधा नियम आहे: हाउसिंगला हात लावला की असेंब्ली उघडायची, कंट्रोल-क्यू दाबून रीबिल्ड करायचं (मॉडेल नव्याने बांधायचं), सगळं सेव्ह करायचं, मगच ड्रॉइंगला जायचं. कोणती असेंब्ली ते आठवत नसेल तर बाण असलेल्या फीचरवर राइट क्लिक करून 'एडिट इन कॉन्टेक्स्ट' घ्या, तीच उघडते.

ड्रॉइंग व्हेंडरकडे गेल्यावर लिंकला कुलूप लावा, तोडू नका. कुलूप उघडता येतं. तोडलेली लिंक पुन्हा चिकटवता येत नाही, संबंध नव्याने द्यावे लागतात. कुलूप असेपर्यंत त्या पार्टमध्ये नवी बाहेरची लिंकही बनत नाही, हा वरचा फायदा.

मी तुझ्यावर, तू माझ्यावर

कव्हरची बाहेरची कड हाउसिंगवरून घेतली. आठवड्याने दुसऱ्या कुणीतरी हाउसिंगमधली खाच कव्हरच्या उंचवट्यावरून घेतली. दोघांचं आपापल्या जागी बरोबरच होतं. आता मात्र रीबिल्डचा सिग्नलचा दिवा विझतच नाही, आणि दर रीबिल्डला एखादं माप किंचित सरकतं. मेटनेही (असेंब्लीत पार्ट एकमेकांना जागेवर बसवणाऱ्या संबंधाने) हे होतं: कव्हरच्या भोकांवरून हाउसिंगमध्ये भोकं घ्यायची आणि मग त्याच भोकांना मेट लावून कव्हर बसवायचं.

लिंक एकाच दिशेने वाहू द्या. चार-पाचहून जास्त पार्ट असतील तर मी एक स्केलेटन पार्ट करतो: त्यात फक्त प्लेन्स आणि स्केचेस, पहिला आणून ओरिजिनवर बसवलेला, बिल ऑफ मटेरियलमधून वगळलेला. सगळे पार्ट त्याच्याकडून घेतात, एकमेकांकडून कुणी काही घेत नाही. सुरुवातीला अर्धा दिवस जास्त जातो, त्यावरून बॉसची बोलणीही खाल्ली आहेत.

हलणाऱ्या पार्टवरून तर काहीच प्रोजेक्ट करू नका. सिलिंडरच्या रॉडवरून खाच घेतली असेल, तर रॉड माउसने ओढून रीबिल्ड केलं की खाचही सरकते. तसंच असेंब्लीत एखाद्या फेसवर नवा पार्ट काढला की 'इनप्लेस' नावाचा मेट आपोआप लागतो. नको म्हणून तो उडवला आणि पार्ट ओढला, की पार्ट जागेवरून हलतो पण त्याची भूमिती जुन्या जागीच राहू पाहते.

फाइलचं नाव

विंडोजमध्ये जाऊन फाइलचं नाव बदललं की असेंब्ली तिला शोधत फिरते. नाव सॉलिडवर्क्समधूनच बदला. नव्या कामासाठी जुनं डिझाइन हवं असेल तर नुसतं फोल्डर कॉपी करू नका, 'पॅक अँड गो' वापरा. त्याच नावाची जुनी फाइल आधीच उघडी असेल तर नवी असेंब्लीही गुपचूप तीच उचलते. मग नव्या मशिनसाठी केलेला बदल जुन्या मशिनच्या कव्हरमध्ये जाऊन बसतो.

इन्व्हेंटरवाल्यांसाठी

इन्व्हेंटर हे असंच दुसरं सॉफ्टवेअर. तिथे असेंब्लीत दुसऱ्या पार्टची कड प्रोजेक्ट केली की पार्ट अॅडाप्टिव्ह होतो, म्हणजे त्या कडेप्रमाणे आपोआप बदलतो, आणि तो एका वेळी एकाच असेंब्लीत अॅडाप्टिव्ह राहू शकतो. तोच ब्रॅकेट दुसऱ्या मशिनमध्येही वापरायचा असेल तर काम संपल्यावर अॅडाप्टिव्ह बंद करा. लिंक नकोच असेल तर कड निवडताना कंट्रोल दाबून धरा, नुसती रेषा येते.

माझं ते कव्हर पुढे मशिन शॉपवाल्यांनीच ९ मिमीच्या ड्रिलने वाढवून दिलं, म्हणून वाचलं. भोकं पाहिजे त्याहून मोठी झाली असती तर प्लेट भंगारात गेली असती.