मोठ्या बोअरच्या रायफलसाठी हलका लोड: पावडर कुठली घ्यायची

आधी कायद्याचं सांगतो, आपल्याकडे गोव्यात काय किंवा भारतात कुठेही, 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस भरता, म्हणजे बनवता, येत नाही, त्यामुळे हे लिहितोय ते बाहेरदेशी रीतसर लायसन घेऊन शूटिंग करणाऱ्या आपल्या फोंडा-डिचोलीकडच्या पोरांसाठी.

पॉइंट 45-70 सारख्या जाड काडतुसाची केस (पितळी नळी) म्हणजे मोठा डबा, त्यात हलका लोड म्हणजे थोडी पावडर (बंदुकीची दारू) आणि बाकी रिकामी जागा. म्हणून फुगीर, जागा भरणारी पावडर बरी. ट्रेल बॉस नावाची पावडर खास त्यासाठीच काढलेली, पण आता मिळणं कठीण झालंय. मग मला तरी एच4895 ही पावडर सगळ्यात भरवशाची वाटते, ती विकणाऱ्या हॉजडन कंपनीचा नियम सरळ आहे, त्यांच्या मॅन्युअलमध्ये तुमच्या बुलेटला एच4895 चा जो कमाल चार्ज (पावडरचं वजन) दिलाय त्याच्या 60 टक्क्यांपर्यंत उतरता येतं, म्हणजे 50 ग्रेन (पावडर मोजायचं वजनाचं माप) असेल तर 30. हा नियम दुसऱ्या पावडरला लावू नका रे! स्लो, म्हणजे हळू जळणारी, पावडर मनाने कमी केली तर प्रेशर भलतंच चढून रायफल फुटू शकते.

युनिकसारखी फास्ट, म्हणजे झटकन जळणारी, पावडरही चालते, पण ती इतकी कमी लागते की एकाच केसमध्ये दोनदा पडली तरी वरून सांडत नाही, तेव्हा बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येक केसमध्ये डोकवा, सगळ्यांची पातळी सारखी दिसली पाहिजे.

बुलेट शिशाची घ्या, जॅकेटवाली (वरून तांब्याचं कवच असलेली) कमी प्रेशरला बॅरलमध्ये अडकू शकते. आवाज फुसका आला तर थांबा, बुलेट आत अडकलेली असू शकते, बोल्ट काढून बॅरल आरपार दिसते का बघा, मगच पुढची गोळी.