शाकाहारी जेवणातून सर्व आवश्यक अमिनो आम्ले कशी मिळवावीत

अन्नातील प्रथिनांचे पचनात अमिनो आम्लांमध्ये विघटन होते आणि त्यांतूनच शरीर स्नायू, विकरे, प्रतिपिंडे, हिमोग्लोबिन अशी स्वतःची प्रथिने घडवते. यासाठी लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी ९ प्रौढ शरीराला पुरेशी तयार करता येत नाहीत, म्हणून ती आहारातूनच यावी लागतात. त्यांपैकी लायसीन कोलॅजेनच्या बांधणीत लागते, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनते आणि फेनिलअलॅनिनपासून तयार होणारे टायरोसीन थायरॉइडच्या संप्रेरकांना लागते. नवांपैकी एक जरी अपुरे पडले, तरी बाकीची मुबलक असूनही प्रथिनांची निर्मिती अडते.

प्रथम आपली गरज काढावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

त्यानंतर धान्य आणि डाळ यांचा मेळ घालावा, आणि माझ्या मते सर्वाधिक लक्ष येथेच द्यायला हवे. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसीन कमी असते. तूर, मूग, हरभरा यांत ते भरपूर, पण नवांपैकीच आणखी एक, मिथिओनीन, कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून भाकरीबरोबर पिठले किंवा भाताबरोबर वरण हे जेवण पोषणाच्या दृष्टीने भक्कम ठरते. मात्र प्रमाण सांभाळावे: कच्च्या मापाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ असावी. दिवसभरात २७० ग्रॅम धान्यातून साधारण २७ ग्रॅम, ९० ग्रॅम डाळीतून २० ग्रॅम आणि पाव लिटर दुधातून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे वरची गरज भागते. पातळ आमटीच्या एका वाटीत डाळ फारच थोडी असते, त्यामुळे आमटी घट्ट ठेवावी किंवा जोडीला मटकीची उसळ करावी. तिळाच्या चटणीतून मिथिओनीनची आणखी भर पडते.

हे सर्व एकाच घासात यायला हवे असे नाही. प्रौढांना ते दिवसभरात मिळाले तरी पुरते. परंतु शरीर जादा अमिनो आम्ले साठवून ठेवत नाही, त्यांतील नायट्रोजनाचे यकृतात युरियामध्ये रूपांतर होऊन तो लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून सगळी डाळ रात्रीच्या जेवणात न घेता न्याहारीपासूनच विभागावी.

शिजवताना एक काळजी घ्यावी. कोरड्या उष्णतेवर पदार्थ तपकिरी होतो, तेव्हा लायसीनचा काही अंश शर्करेशी संयोग पावून शरीराला निरुपयोगी होतो; तेव्हा थालिपिठाची भाजणी खमंग भाजावी, पण करपू देऊ नये.

उपवासाच्या दिवशी मात्र हा मेळ तुटतो, कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच आणि शेंगदाण्यात लायसीन कमी असते. अशा वेळी खिचडीबरोबर वाटीभर दही घ्यावे किंवा लायसीनयुक्त राजगिऱ्याची भाकरी करावी.